उशिरा आणले

केसपेपरवर आम्ही काही शब्द इतक्या वेळा लिहितो की लिहिताना डोकं वापरावं लागत नाही, हातच लिहून टाकतो. 'सर्दी-खोकला.' 'अशक्तपणा.' 'नातेवाइकांना समज दिली.' आणि 'उशिरा आणले.' हे शेवटचे दोन शब्द नोकरीत मी किती वेळा लिहिले ते आठवत नाही. बहुतेक वेळा ते खरेच होते. एकदा खोटे होते. ते कुणाला सांगितलं नाही, म्हणजे बरीच वर्षं नाही. आता लिहिते आहे.

मी शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातली. घरात अहिराणी. धुळ्याला नर्सिंगला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वॉर्डात मी म्हणाले, "सिस्टर, पेशंट निजेल शे." झोपलाय म्हणायचं होतं. पोरी पोट धरधरून हसल्या. त्यानंतर महिनाभर मला बघितलं की कुणीतरी म्हणायचंच, "निजेल शे का व?" सहा महिन्यांत मी 'शे' आणि 'व्हतं' आणि 'बठ्ठं' तोंडातून काढून टाकलं. सुटीत घरी गेले तर माय म्हणाली, "तू आते पुस्तकमाईन बोलस." तिला त्याचं कौतुक होतं. मलाही होतं.

काही वर्षं नोकरी झाली आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मला पुन्हा धुळ्याला एका वर्षाच्या वरच्या कोर्सला पाठवलं. जिथे डॉक्टर रोज नसतो तिथे नर्सने रोगी स्वतः तपासावा, काय होतंय ते ओळखावं, पुढे पाठवायचं की नाही ते ठरवावं, असा तो कोर्स. तोवर आमचं काम म्हणजे ताप पाहणं, सुई देणं, साहेबांच्या मागे ट्रे धरून उभं राहणं. रोग्याच्या अंगाला हात लावून आपण काही शोधायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

शिकवणाऱ्या मॅडम बारीक चणीच्या होत्या, आवाज मात्र खणखणीत. रोज तास सुरू करताना त्या आमच्याकडून एकच गोष्ट वदवून घ्यायच्या. "आधी उघडा. मग पाहा. मग हात लावा. मग बोटाने वाजवा. नळी सगळ्यात शेवटी." आम्ही तीस जणी शाळेतल्या पाढ्यांसारखं म्हणायचो. पण आमचं सगळं लक्ष शेवटच्या शब्दावर. नळी. डॉक्टरांच्या गळ्यातली ती नळी आता आपल्याही गळ्यात येणार होती.

छातीचे आवाज शिकवायला एक मोठे डॉक्टर आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. नळी एक, आम्ही तीस. स्टुलावर खोकल्याच्या वॉर्डातले एक आबा सदरा काढून बसवलेले. सर म्हणाले, "कानाजवळ चार केस धरून बोटांनी चोळले की जो आवाज येतो ना, तसा आवाज इथे खाली येतोय. एकेकीने ऐका." एकेक पुढे जायची, पाठीवर नळी ठेवायची. सर विचारायचे, "ऐकू आलं?" ती म्हणायची, "हो सर." पुढची.

दहा जणी झाल्यावर आबा वैतागले. "वं बाई, मनी छाती शे का रेडिओ? आते बॅटरी उतरनी मनी."

सगळ्या हसल्या. अकरावी मी. मी नळी कानात घातली. पंख्याची घरघर ऐकू आली, कुणाच्या तरी बांगड्या ऐकू आल्या, माझ्याच कानातलं रक्त वाहताना ऐकू आलं. केस चोळल्यासारखं काही नाही. मागे एकोणीस जणी उभ्या.

"ऐकू आलं?"

"हो सर."

त्या संध्याकाळी वसतिगृहाच्या गच्चीवर एकटीने मी कानाजवळ केस धरून चोळून पाहिले. वेणीला तेल चोपडलेलं, त्यामुळे तोही आवाज धड आला नाही. बाकीच्या एकोणतीस जणींना खरंच ऐकू आलं होतं का, हे मी कुणालाच विचारलं नाही. त्यांनीही मला विचारलं नाही. वर्षभर तो आवाज शिकायला मिळाला असता. पण एकदा 'हो' म्हटल्यावर पुन्हा 'नाही' म्हणायला जायचं कसं?

कोर्स संपवून अमळनेर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रावर रुजू झाले. शिपाईमामा मला 'अर्धी डॉक्टरीण' म्हणायला लागले. डॉक्टरसाहेब स्वभावाने चांगले, पण चिडवायची खोड. "सिस्टर, आता खुर्ची तुम्हीच घ्या. मी सुया उकळत बसतो." मी नळी गळ्यात अडकवायचे. बाजारात जाताना ती पिशवीत ठेवायचे, तोंडाचा भाग थोडा बाहेर दिसेल असा.

दोनेक महिन्यांनी जिल्ह्यावरून एक फॉर्म आला. कोणाला कशाचं प्रशिक्षण हवं ते पाहण्यासाठी. डाव्या बाजूला कामांची यादी. श्वास मोजणे, छातीचे आवाज ओळखणे, पोट चाचपून पाहणे, असं बरंच. पुढे तीन रकाने: 'येते', 'थोडे येते', 'प्रशिक्षणाची गरज आहे'. साहेब समोरच बसले होते. म्हणाले, "तुम्हाला काय, वर्षभर धुळ्यात राहून आलात. सगळ्यावर एक सरळ रेघ मारा." छातीच्या आवाजांपाशी पेन थांबला. क्षणभरच. मग मी 'येते'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत खुणा केल्या आणि सही केली.

ही झाली एक गोष्ट. दुसरी त्याच वर्षीच्या हिवाळ्यातली.

कापूस वेचणीचे दिवस. गावं दुपारी ओस पडलेली, बहुतेक बाया शेतात. त्या दिवशी साहेब जळगावला मीटिंगला गेलेले आणि केंद्रावर लसीकरणाचा वार. व्हरांड्यात रांग, आत पोरांची रडारड. एक आजी आल्या, जवळच्या वस्तीवरून चालत. कडेवर नात, चार महिन्यांची. दोन गोधड्यांत गुंडाळलेली, वर टोपडं, नुसतं नाक दिसत होतं. सून आणि मुलगा कापसात होते. आजींनी कुणाला न विचारता पोर उचललं आणि आणलं.

"कालदिनथून दूध पीत नही," त्या म्हणाल्या. "आनि पोट उडी ऱ्हायनं तिनं. देख ना बाई."

पोट उडणं. हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. माझा धाकटा भाऊ तान्हा असताना माय त्याची बंडी वर करून मला म्हणायची, "देख, पोट उडस का नही." बरगडीखाली खळगा पडतो का, पोट भात्यासारखं वरखाली होतं का, ते ती बघायची. मी आठ वर्षांची होते तेव्हाच मला ते दिसत होतं. पुढे धुळ्याच्या पुस्तकात तेच छापलेलं भेटलं, फक्त नाव वेगळं होतं.

पण त्या दुपारी मी उघडून पाहिलं नाही. गोधडीच्या फटीतून नळी आत सरकवली आणि कानात घातली. पोर कण्हत होतं, रांगेतली पोरं रडत होती. मला काहीही ऐकू आलं नाही. आणि काही ऐकू न येणं म्हणजे छाती साफ असणं, असं मी कधी ठरवून टाकलं होतं कोण जाणे.

"छाती साफ आहे. सर्दी आहे नुसती," मी म्हणाले. तापाचं औषध दिलं. वाफ कशी द्यायची ते सांगितलं.

आजी उठल्या नाहीत. "पन पोट उडी ऱ्हायनं ना, बाई. उघाडी देख जराशी."

"आजी, आता नळीने तपासलं ना तुमच्यासमोर?"

"नळीघाई काय समजस? डोयाघाई देख."

रांगेतल्या बाया हसल्या. मीही हसले. आतून मात्र चिडले होते. त्या चिडीला दुसरीही एक बाजू होती, ती मी आज सांगू शकते. ती बाई माझ्या मायच्या बोलीत, माझ्या मायचंच काम मला सांगत होती, आणि मी त्या बोलीपासून इतकी लांब येऊन गळ्यात नळी घालून बसले होते. मी तिला शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले, "आजी, मागे लोक थांबलेत. या आता."

त्या गेल्या. त्यांचा केसपेपर करायचा राहून गेला. रांग संपल्यावर रजिस्टर भरू म्हटलं, तेही राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी आली. आता सगळेच होते: मुलगा, सून, आजी. साहेबांनी गोधडी उघडली. पोर वाटेतच गेलं होतं. साहेब हळूच म्हणाले, "निमोनिया असणार. कधी आणलं हिला?"

"आत्ताच, सर," मी म्हणाले.

हे शब्द खोटे नव्हते. म्हणूनच ते इतक्या सहज निघाले.

"लिहा मग."

मी नवा केसपेपर घेतला आणि लिहिलं: 'उशिरा आणले.' एवढ्यावर थांबायला काही हरकत नव्हती. पण पोराचा बाप व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता, माझ्याकडे बघत होता, आणि मला त्याची भीती वाटली. मी त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "फार उशिरा आणलंत तुम्ही."

त्याने आईकडे पाहिलं. सुनेनेही पाहिलं.

आजी माझ्याकडे बघत होत्या. आता त्या बोलणार, आता म्हणणार की काल दुपारी मी हिच्याकडेच आणलं होतं, असं मला वाटलं. त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, घाबरल्या. नंतर माझ्या लक्षात आलं, तसं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. काल नळीने छाती साफ निघाली म्हणजे साफच होती. मग रात्रीच काहीतरी वाढलं असणार, आणि रात्रीच गाडी जुंपायला हवी होती, ती आपण जुंपायला लावली नाही, असं त्या बाईने स्वतःच ठरवून घेतलं, आणि आदल्या दिवशी इथे आणल्याचं घरी कधी बोलूनही दाखवलं नसावं.

आदल्या दिवशी मी गोधडी उघडली असती तर पोर वाचलं असतं की नाही, ते मला माहीत नाही. पेनिसिलिन कपाटात होतं. अमळनेरला जाणारी एसटी तासाभरात होती. यापुढे मी काही म्हणत नाही.

त्यानंतर मी बदलले, म्हणजे कामात बदलले. जे मूल येईल ते उघडून पाहायला लागले. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा, रांग कितीही असो. बाया कुरकुरायच्या, "या बाईचं लई टाइम लागतं बा." नळी मी टेबलाच्या खणात ठेवून दिली. लोक म्हणायला लागले, सिस्टरचा हात चांगला आहे. ते ऐकून मी मान खाली घालायचे, आणि लोकांना तो विनय वाटायचा.

क्वार्टरमध्ये मी एकटीच राहायचे. लग्नाचं एकदा जमत आलं होतं, मीच लांबणीवर टाकत गेले. कारण काय सांगणार? घरात दुसरं माणूस आलं की कधीतरी बोलावं लागेल, एवढंच. संध्याकाळी स्टोव्हवर एकटीपुरतं पिठलं टाकायचं, ट्रान्झिस्टर लावायचा, शेजारच्या क्वार्टरमधली भांडणं ऐकायची. मला त्या भांडणांचाही हेवा वाटायचा.

दोन वर्षांनी ती सून लस घ्यायला आली. नवं बाळ, मुलगा. बाळ कडेवर, डोक्यावर लाकडांची मोळी. मोळी व्हरांड्याबाहेर टेकवून आत आली.

शिपाईमामा म्हणाले, "अगं, सासूला पाठवायचं की बाळाला घेऊन. त्या तर मोकळ्याच असतात."

ती म्हणाली, "आत्याबाईस्ना हातमां मी पोर देत नही. पहिलीना टाइमले देखं ना काय व्हयनं ते."

माझ्या हातात सुई होती. मी सुई दिली. मांडी चोळून दिली. म्हणाले, "ताप येईल थोडा, घाबरू नको." ती गेली. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं फक्त. त्या वेळी ती माझ्या इतक्या जवळ होती की तिच्या बाळाची लाळ माझ्या बाहीला लागली होती.

मग बदली झाली. जळगावला आले. नव्वदच्या दशकात लहान मुलांचा निमोनिया कसा ओळखावा याची शिबिरं सुरू झाली आणि मला शिकवायला लावलं. गंमत बघा, मला! मी शिकवायचे, "आधी उघडा. मग पाहा." पन्नास-पन्नास नर्सेस पाढ्यांसारखं म्हणायच्या. शिबिराच्या शेवटी तेच तीन रकान्यांचे फॉर्म वाटायचे, आणि सगळ्याजणी 'येते'वर खुणा करून गावची गाडी पकडायला पळायच्या. मला ते दिसायचं. मी फॉर्म गोळा करायचे.

एकदा एक नर्स आली, यावलकडच्या केंद्रावरची. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, केस पिकलेले, निवृत्ती फार लांब नसेल. छातीचे आवाज शिकवत होते. माझ्याजवळ आता बऱ्यापैकी कान होता, उशिरा का होईना कमावलेला. तिने नळी लावली. मी विचारलं, "ऐकू आलं?"

ती म्हणाली, "नाही मॅडम."

"पुन्हा लावा."

तिने पुन्हा लावली. "नाही. मला काहीच आलं नाही. खोटं कशाला बोलू?"

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. ती वळून म्हणाली, "हसता काय गं बायांनो? तुम्हाला तरी आलं का?" मग आणखी एक हात वर झाला, मग दुसरा. म्हणाल्या, आम्हालाही नाही. त्या दिवशी आम्ही जेवणाची सुटी सोडून त्या एका आवाजापाशी बसलो. शेवटी तिला ऐकू आला तेव्हा ती लहान पोरीसारखी ओरडली, "आला! आला!"

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. एवढंच होतं ते. 'नाही मॅडम.' दोन शब्द.

पुढच्या रविवारी मी अमळनेरची गाडी धरली आणि तिथून पुढे त्या वस्तीला गेले. नऊ-दहा वर्षं झाली होती. घर तेच, पत्रे नवे. आजी ओट्यावर बाजेवर बसल्या होत्या, सुपात तूर निवडत. खूप वाळल्या होत्या. सून आत चुलीपाशी भाकरी थापत होती, थापण्याचा आवाज येत होता. मुलगा आणि नातू शेतात गेलेले.

मी बाजेच्या कडेला टेकले. ओळख सांगितली. मग खाली मान घालून सगळं सांगितलं. पुस्तकी मराठीत, हळू आवाजात, आत ऐकू जाणार नाही अशा बेताने. त्या दुपारी तुम्ही वेळेवर आला होता, मी तपासलं नाही, चूक माझी होती, दुसऱ्या दिवशी मी खोटं लिहिलं. बसमध्ये घोकलं होतं तसं सगळं.

आजी मान डोलवत होत्या. "हां. हां, माय. हां."

मला वाटलं, संपलं. सुटले. मग मी वर पाहिलं. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या आणि हसत होत्या, आणि मला ती मान ओळखू आली. अकराव्या नंबरवर उभी राहून मीच 'हो सर' म्हणत डोलवलेली मान होती ती. त्यांना काहीही ऐकू आलं नव्हतं. त्यांचे कान गेले होते.

आता उठून निघून जाता आलं असतं. सांगितलं तर होतंच ना मी. माझ्या बाजूने 'आत्ताच, सर'इतकंच खरं होतं ते.

आत भाकरी थापली जात होती. मी आजींच्या कानाजवळ तोंड नेलं आणि ओरडले. कसं कोण जाणे, अहिराणीत ओरडले. धुळ्याला गेल्यापासून जी बोली तोंडात आणली नव्हती, तीच आली.

"अक्का! तुम्ही उशीर नही करा! मी पोरले उघाडी देखंच नही! मनी चूक व्हती! तुमनी नही!"

भाकरीचा आवाज थांबला.

सून दारात आली. दोन्ही हात पिठाने भरलेले, कोपरापर्यंत. तिने मला ओळखलं. मी पुन्हा सांगितलं. सगळं, त्या दुपारपासून. ती ऐकत उभी राहिली. तिच्या तोंडावर राग येईल म्हणून मी वाट बघत होते. आला असता तर बरं वाटलं असतं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. सासूकडे बघत होती.

आजी विचारत होत्या, "काय म्हनस व ती? कोन शे?"

सून ओट्यावर आली. त्यांच्याजवळ बसली. पिठाचे हात तसेच हवेत धरून कानाशी वाकली आणि म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही तिले येळवर लई गयथात."

"काय?"

"येळवर! येळवर लई गयथात!"

मी उठले. पिशवी घेतली. चहा घे असं कुणी म्हणालं नाही, जा असंही कुणी म्हणालं नाही. मी अंगणात उतरले तेव्हा दोघींपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. फाट्यापर्यंत जायला शेताच्या कडेने वाट होती, दोन्ही बाजूंना वेचून झालेली कापसाची झाडं. मागून आजींचा आवाज येत होता, "काय म्हने?" आणि त्यावर सुनेचा, आणखी मोठ्याने, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असा, "येळवर, आत्याबाई! येळवर!"

वळणाच्या पुढे गेल्यावरही बराच वेळ तो ऐकू येत होता. फाट्यावर कुणी नव्हतं. मी लिंबाखालच्या दगडावर बसून गाडीची वाट पाहिली.